कण्या, चवळी आणि उकडलेल्या शेंगा : अमेरिकेच्या दक्षिणेत जेवायला शिकताना

माझे वडील पहिल्यांदा अटलांटाला आले तेव्हा तीन आठवडे बाहेरचं काही खायला तयार नव्हते. पिझ्झा म्हणजे करपलेली भाकरी आणि बरिटो म्हणजे गुंडाळलेला भात, असा त्यांनी निकाल लावून टाकला होता. चौथ्या आठवड्यात आम्ही उत्तर जॉर्जियाच्या डोंगरात, ब्लू रिजकडे निघालो होतो. रस्त्याच्या कडेला एक पिकअप ट्रक उभा. हातानं रंगवलेली पाटी आणि मागे वाफाळणारं भलंमोठं पातेलं. 'बॉइल्ड पीनट्स'. मी एक पिशवी घेतली. वडिलांनी एक शेंग दाताखाली फोडली, खारं पाणी हनुवटीवरून ओघळलं, आणि ते म्हणाले, "अरे, ह्या तर आपल्या उकडलेल्या शेंगा!" ब्लू रिज येईपर्यंत पिशवी रिकामी आणि पायाखाली टरफलांचा ढीग.

अटलांटा, शार्लट, राली, नॅशव्हिल अशा गावांत नोकरीला किंवा शिकायला नव्यानं आलेल्या मराठी मंडळींना मी तेव्हापासून एकच सांगतो. इथल्या जेवणाची ओळख तळलेल्या कोंबडीपासून करून घेऊ नका, बाजूच्या वाट्यांपासून करून घ्या. त्या वाट्यांमध्ये चवळी आहे, भेंडी आहे, रताळं आहे, मक्याच्या कण्या आहेत. यातलं निम्मं तुमच्या आजीनं केलेलं आहे. फक्त मागायचं कसं ते ठाऊक नसल्यामुळे आपण वर्षभर थाळी बुफे आणि कॉस्टकोच्या नानवर काढतो.

पहिली पायरी : रस्त्याच्या कडेपासून सुरुवात करा

हॉटेलात शिरण्याआधी शेंगा खा. ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात काही तास उकळतात, त्यामुळे दाणा आपल्यापेक्षा मऊ, जवळजवळ उसळीतल्या दाण्यासारखा होतो. दोन प्रकार मिळतात, साधा आणि 'केजन', म्हणजे तिखट. पहिल्यांदा साधा घ्या. आतलं खारं पाणी आधी चोखायचं, मग दाणे. उरल्या तर फ्रिजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी बाहेर राहिल्या तर आंबतात. पेट्रोल पंपावरच्या दुकानांतही मिळतात, पण तिथं त्या केव्हापासून पातेल्यात आहेत ते देव जाणे.

भुईमुगात जॉर्जिया हे देशातलं पहिल्या क्रमांकाचं राज्य. माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर इथलेच होते, भुईमुगाची शेती करणारे. पण शेंग मूळची दक्षिण अमेरिकेतली. ती आफ्रिकेत गेली आणि तिथून गुलामांच्या जहाजांबरोबर इथे आली. भेंडी आणि चवळी तर आफ्रिकेच्याच. तीळही त्याच वाटेनं आले. साउथ कॅरोलिनातल्या चार्लस्टनमध्ये त्यांना अजूनही 'बेनी' म्हणतात आणि त्यांच्या पातळ, कुरकुरीत, गोड चकत्या डब्यात भरून विकतात. संक्रांतीला तिळगूळ संपला असेल तर त्या चालून जातात, आम्ही चालवल्या आहेत. या जेवणातली जी चव आपल्याला ओळखीची वाटते, ती बहुतेक या वाटेनं आलेली असते. ही वाट आनंदाची नव्हती, एवढं ध्यानात असू द्या.

दुसरी पायरी : पाटी वाचायला शिका

'सदर्न' या एका पाटीखाली चार-पाच घराणी नांदतात.

'मीट अँड थ्री' ही इथली खानावळ. एक मांसाचा पदार्थ, तीन भाज्या, सोबत कॉर्नब्रेड, म्हणजे मक्याच्या पिठाचा पाव, किंवा साधा पाव. भाज्यांची यादी फळ्यावर असते आणि वारानुसार बदलते. गिरणगावातल्या खानावळीत जसा बुधवारचा मेनू वेगळा आणि शुक्रवारचा वेगळा, तसंच. ताट साधारण १५ ते २० डॉलरला पडतं. सुरुवात इथूनच करा.

'सोल फूड' म्हणजे काळ्या कुटुंबांचा स्वयंपाक. हे नाव १९६० च्या दशकात रूढ झालं, स्वयंपाक त्याच्या कितीतरी आधीचा. खरं सांगायचं तर 'सदर्न' आणि 'सोल' यांच्यात पातेल्याच्या पातळीवर फरक थोडा आहे. ज्याला गोऱ्यांच्या घरचं दक्षिणी जेवण म्हणतात, तेही पिढ्यान्‌पिढ्या काळ्या बायकांनीच रांधलेलं. अटलांटात याची दोन जुनी ठिकाणं आहेत आणि दोन्ही १९४७ ची. लुसी जॅक्सन यांनी सुरू केलेलं बिझी बी कॅफे आणि पास्कल बंधूंचं पास्कल्स. पास्कल्समध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांचे सहकारी तळलेली कोंबडी खात नागरी हक्कांच्या चळवळीच्या बैठका करत. बिझी बीला २०२२ मध्ये अमेरिकेच्या खाद्यजगतात मानाच्या समजल्या जाणाऱ्या जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा 'अमेरिकाज क्लासिक्स' पुरस्कार मिळाला, त्यामुळे आता रांग लांबली आहे.

'टी रूम' लिहिलेलं दिसलं तर चहा प्यायला शिरू नका. माझा एक मित्र शिरला होता, आलं घातलेला चहा मिळेल या आशेनं. पूर्वी बायकांनी खाणावळ काढली की तिला जरा सभ्य नाव म्हणून 'टी रूम' म्हणत. अटलांटातलं १९४५ पासूनचं मेरी मॅक्स टी रूम त्यातलंच. आत चक्क पूर्ण जेवण असतं.

बार्बेक्यूच्या जागा हे वेगळंच प्रकरण आहे, ते पुढे. आणि पांढऱ्या टेबलक्लॉथची नवी 'सदर्न' रेस्टॉरंट्स, जिथं भेंडीचे तीन तुकडे मोठ्या बशीत मधोमध येतात, ती शेवटी ठेवा. वाईट नसतात. पण मूळ चव ठाऊक असल्याशिवाय त्यातली करामत कळत नाही.

तिसरी पायरी : वेळ सांभाळा

मीट अँड थ्री दुपारचं जेवण आहे. बरीच ठिकाणं अडीच-तीनला कुलूप लावतात आणि काही शनिवार-रविवारी उघडतच नाहीत. साडेअकराला पोहोचा. दीड वाजता गेलात तर फळ्यावरच्या चांगल्या भाज्या खोडलेल्या दिसतील. जिथे रविवारी उघडं असतं तिथे चर्च सुटल्यावर टोप्या-कोटातली अख्खी कुटुंबं येतात. गर्दी प्रचंड, पण जेवणही त्या दिवशी सर्वात चांगलं असतं. मी रविवारीच जातो, अकराच्या ठोक्याला.

चौथी पायरी : ताट भरा, पण भाज्यांकडून

ट्रे घेऊन रांगेत उभं राहायचं असेल तर आधी पुढच्या तिघांची ताटं बघा. काच, काचेमागे वाफाळणारी स्टीलची भांडी, हातात मोठा डाव घेतलेली बाई. ती विचारणार, "व्हॉट यू हॅविंग, हनी?" 'हनी' ऐकून दचकू नका, ती सगळ्यांना म्हणते. आपल्याकडे भाजीवाली मावशी 'बोल बाळा' म्हणते तसं.

भाज्या निवडण्याचा माझा हिशेब असा आहे. एक पालेभाजी, एक शेंगवर्गातली, एक गोड.

पालेभाजी म्हणजे कॉलर्ड, टर्निप किंवा मोहरीचा पाला. कॉलर्डचं पान जाड, रुंद, कोबीच्या बाहेरच्या पानासारखं दिसतं. तास-दीड तास शिजवून ते पार मऊ करतात. पहिल्या घासाला 'ही तर अति शिजवलेली भाजी' असं वाटेल. थांबा. टेबलावर काचेची एक छोटी बाटली असते, आत बारीक हिरव्या मिरच्या आणि फिकट पिवळं पाणी. तो मिरच्या मुरवलेला व्हिनेगर आहे. चार थेंब भाजीवर टाका आणि पुन्हा खा. कडवटपणा, खारटपणा, आंबट आणि तिखट, सगळं जागच्या जागी बसतं. नवखे लोक ही बाटली बघतसुद्धा नाहीत आणि भाजी बेचव म्हणून ताटात टाकून उठतात.

त्या भाजीचं उरलेलं हिरवं पाणी म्हणजे 'पॉट लिकर'. नावात लिकर असलं तरी दारूचा संबंध नाही. हा पालेभाजीचा कट. तो वाटीत घ्यायचा, कॉर्नब्रेड बुडवायचा. कटाची आमटी ओरपणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. मेरी मॅक्समध्ये 'पहिल्यांदाच आलोय' असं सांगितलं की पॉट लिकरची वाटी आणि कॉर्नब्रेड पाहुणचार म्हणून देण्याची जुनी रीत आहे. मात्र त्यात डुकराच्या मांसाचा अर्क असतो, शाकाहाऱ्यांनी पुढची पायरी आधी वाचावी.

शेंगवर्गात चवळी, बटर बीन्स, पिंटो आणि निरनिराळे 'फील्ड पीज' मिळतात. बटर बीन्स म्हणजे आपल्याकडे 'डबल बी' म्हणून मिळते ती लिमा बीनच. भाजी पातळसर असते, मसाला जवळजवळ नाही, दाण्याची स्वतःची गोडी असते. यावर 'चाऊचाऊ' मागा. कोबी, कच्चा टोमॅटो, मिरची वगैरेंचं आंबटगोड लोणचं. सगळीकडे नसतं, पण असलं तर आणून देतात आणि आपण मागितलं म्हणून खूश होतात.

भेंडी तीन रूपांत भेटते. मक्याचं पीठ लावून तळलेली, टोमॅटोबरोबर शिजवलेली आणि लुइझियानातल्या 'गंबो' नावाच्या रश्श्यात विरघळलेली. गंबो हा शब्दच मुळात मध्य आफ्रिकेतल्या भाषांमधल्या भेंडीच्या नावावरून आला आहे. बुळबुळीतपणा घालवण्यासाठी आपण जो आटापिटा करतो, तो गंबोत उलटा होतो, रस्सा दाट व्हायला तोच हवा असतो. तळलेल्या भेंडीवरून आठवलं. नॉर्थ कॅरोलिनातल्या ॲशव्हिलला जाणार असाल तर 'चाय पानी'त जा. मेहेरवान इराणी लहानाचे मोठे झाले अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. २००९ मध्ये त्यांनी हे रस्त्यावरच्या खाण्याचं रेस्टॉरंट काढलं आणि २०२२ मध्ये जेम्स बिअर्ड फाउंडेशननं त्याला देशातलं 'आउटस्टँडिंग रेस्टॉरंट' ठरवलं. तिथली सगळ्यांची लाडकी बशी कुठली? बारीक उभी चिरून कुरकुरीत तळलेली भेंडी, वर लिंबू. इथल्या माणसाला ती त्याची वाटते आणि आपल्याला आपली. दोघंही बरोबर आहेत.

गोडात रताळं घ्या. यादीत 'कँडीड याम्स' लिहिलेलं असेल, पण ते रताळंच, बटर, साखर आणि दालचिनीत मुरलेलं. उपासाच्या रताळ्याच्या गोड कापांची सख्खी बहीण, फक्त साखर दुप्पट.

आणि हो, भाज्यांच्या यादीत 'मॅक अँड चीज' दिसेल. चीजमधली मॅकरोनी ही भाजी कशी, हा प्रश्न इथे विचारायचा नसतो.

पाचवी पायरी : शाकाहारी असाल तर प्रश्न नेमका विचारा

फळ्यावर बहुतेक ठिकाणी 'व्हेजिटेबल प्लेट' असते. चार भाज्या आणि कॉर्नब्रेड. नाव वाचून आपल्याला हायसं वाटतं आणि तिथेच फसगत होते.

माझ्या सासूबाई श्रावणात आल्या होत्या. मी मोठ्या ऐटीत त्यांना एका खानावळीत नेलं, रांगेत विचारलं, "घेवड्यात मांस नाही ना?" बाई म्हणाल्या, "नाही हनी, मांस अजिबात नाही." टेबलावर बसलो, सासूबाईंनी चमचा घातला आणि शेंगांखालून बोटाच्या पेराएवढा गुलाबी तुकडा वर आला. मी परत गेलो. बाई अगदी मनापासून म्हणाल्या, "ते मांस नव्हे, ते चवीपुरतं!" त्यांच्या दृष्टीनं त्या खोटं बोलल्या नव्हत्या. मांस म्हणजे ताटातला मुख्य तुकडा. भाजीतला हॅम हॉक, म्हणजे डुकराच्या पायाचा तुकडा, हा जणू आपल्या आमटीतला हिंग. सासूबाईंनी त्या दिवशी केळ्याचं पुडिंग तेवढं खाल्लं आणि घरी आल्यावर शिकरण केलं.

तेव्हा 'मीट आहे का' असं विचारू नका. 'हे कशात शिजवलंय, पोर्क, हॅम हॉक, बेकन, फॅटबॅक किंवा चिकनचा स्टॉक आहे का' असं एकेक नाव घेऊन विचारा. पालेभाजी, घेवडा आणि सगळ्या सुक्या शेंगा संशयित समजा. हल्ली काही ठिकाणी पोर्कऐवजी स्मोक्ड टर्की घालतात. पोर्क न खाणाऱ्यांची त्यानं सोय होते, शाकाहाऱ्यांची नाही. बिस्किटात (हा इथला मऊ पाव, पुढे येईल) लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, असू शकतं, कॉर्नब्रेडच्या तव्याला बेकनची चरबी लावलेली असू शकते, तळणाचं तेल कोंबडीबरोबर एकच असतं. बहुधा निर्धोक असतात त्या गोष्टी म्हणजे मॅक अँड चीज, रताळं, कोलस्लॉ (मेयोनेजमधली कोबीची कोशिंबीर), काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, भाजलेली सफरचंदं. अंड्याचाही विधिनिषेध असेल तर कोलस्लॉतलं मेयोनेज आणि कॉर्नब्रेड दोन्ही गेले. कडक श्रावणात मी तरी कुणाला नेत नाही. अटलांटा, ॲशव्हिल, शार्लटमध्ये व्हीगन सोल फूडवाले आहेत, त्यांच्याकडची धुरकट, मांसाविना कॉलर्ड खरोखर छान असते.

सहावी पायरी : कण्या ओळखा

माझं आजोळ मंगळवेढ्याचं. तिथं आजी ज्वारी जात्यावर भरड काढून कण्या शिजवायची, वर ताक आणि लसणाची फोडणी. 'ग्रिट्स' पहिल्यांदा पुढ्यात आल्या तेव्हा मी चमचा हातात धरून थोडा वेळ नुसता बघत राहिलो. पांढऱ्या मक्याच्या कण्या! जॉर्जियानं २००२ मध्ये कायद्यानं त्यांना राज्याचा अधिकृत पदार्थ केलं आहे. ज्वारीच्या कण्यांचं एवढं कौतुक आपल्याकडे अजून कुणी केलेलं नाही.

पण कण्या-कण्यांत फरक आहे. दगडी जात्यावर दळलेल्या, 'स्टोन ग्राउंड', मंद आचेवर पाऊण-एक तास हलवत शिजवाव्या लागतात. दाणा जिभेला लागतो, मक्याचा वास येतो. 'इन्स्टंट' म्हणजे पाकिटातली लापशी, आजारी माणसाला द्यावी तशी. पहिल्यांदाच इन्स्टंट खाल्लीत तर आयुष्यभर नाक मुरडाल. म्हणून वेटरला सरळ विचारा.

साखर घालायची की नाही यावर इथे भांडणं होतात. जुने लोक मीठ, बटर, मिरपूड एवढंच मानतात. मीही त्याच पक्षाचा. कोलंबी घातलेल्या 'श्रिम्प अँड ग्रिट्स' ही चार्लस्टनच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांची न्याहारी. चॅपेल हिलमधल्या 'क्रुक्स कॉर्नर'च्या बिल नील यांनी १९८० च्या दशकात ती रेस्टॉरंटच्या ताटात आणली, मग ती देशभर पसरली. कोलंबी खाणाऱ्यांनी सोडू नये. माझ्या मालवणी बायकोचं मत, "कोकम असतं तर!" ती एक डबी पर्समध्ये ठेवते.

बिस्किटाबद्दल दोनच वाक्यं. हे पार्ले-जी नव्हे. ताक आणि बटर घालून केलेला, पदर सुटणारा मऊ पाव आहे, सकाळी गरम असतानाच खायचा. इथल्या मऊ गव्हाच्या मैद्यामुळे तो असा होतो, आपल्या पोळीच्या कणकेत करून पाहाल तर दगड होईल.

सातवी पायरी : एकदा तरी पंगतीत बसा

अटलांटापासून सवाना गाडीनं चारएक तास. तिथल्या जोन्स स्ट्रीटवर 'मिसेस विल्क्स डायनिंग रूम' आहे. सीमा विल्क्स यांनी १९४३ मध्ये भाडेकरूंच्या राहण्याजेवणाचं हे घर चालवायला घेतलं. भाडेकरू गेले, जेवण राहिलं. फक्त दुपारी उघडतात, तेही आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, म्हणून निघण्याआधी वेळ तपासा. उघडण्याच्या तासभर आधी रांगेत लागा. पावसाळी दिवस असेल तर छत्री, उन्हाळा असेल तर पाणी घ्या. जुलैमध्ये सवानात घामानं शर्ट अंगाला चिकटतो, अगदी मुंबईच्या मे महिन्यासारखा.

आत दहा-दहा जणांची टेबलं, आणि तुमच्याबरोबर कोण बसणार ते रांग ठरवते. आमच्या टेबलावर ओहायोचं एक म्हातारं जोडपं, एक ट्रक ड्रायव्हर आणि हनिमूनला आलेली दोघं होती. मेनू नाही. बसायच्या आधीच टेबल वाडग्यांनी भरलेलं असतं. तळलेली कोंबडी, टोमॅटोत शिजवलेला लाल भात, चवळी, भेंडी-टोमॅटो, कॉलर्ड, रताळं, मक्याचे दाणे, बिस्किटं, आणखी काय काय. वाडगा उचलायचा, आपल्याला घ्यायचं आणि शेजाऱ्याकडे द्यायचा. वाढपी नाही, पण आग्रह मात्र असतो, ट्रक ड्रायव्हरनं मला तिसऱ्यांदा लाल भात घ्यायला लावला.

पंगतीचे इथले नियम आपल्यासारखेच कडक आहेत. वाडग्यातला डाव आपल्या ताटाला लावू नका, स्वतःचा काटा वाडग्यात घालू नका. उष्ट्याचा विचार यांनाही आहे, शब्द नाही एवढंच. वाडगा धरून गप्पा मारत बसलात तर आठ माणसं तुमच्याकडे बघत थांबतात. आणि जेवण झालं की आपलं ताट आपण उचलून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे नेऊन ठेवायचं. माझ्या मुलानं घरी कधी उचललं नव्हतं, तिथं मुकाट्यानं उचललं.

आठवी पायरी : मांसाहाऱ्यांसाठी, थोडक्यात

नॉर्थ कॅरोलिनात 'बार्बेक्यू' म्हणजे क्रियापद नव्हे, पदार्थ. निखाऱ्याच्या धगीवर रात्रभर शिजलेलं डुकराचं मांस. राज्याच्या पूर्वेला आख्खं डुक्कर आणि पातळ, तिखट व्हिनेगर. पश्चिमेकडे लेक्सिंग्टनच्या बाजूला फक्त खांदा, व्हिनेगरमध्ये थोडा टोमॅटो. साउथ कॅरोलिनात मोहरीचा पिवळा सॉस. यांच्यातले वाद पुणे-कोल्हापूर मिसळीच्या वादाइतकेच जुने आणि तितकेच न मिटणारे. खात असाल तर नॉर्थ कॅरोलिनातल्या एडनमधल्या, १९४७ पासूनच्या स्कायलाइट इनला जा. छपरावर चक्क संसदेसारखा घुमट आहे. ओळखायची खूण आवाजाची. लाकडी ओंडक्यावर मांस कापणाऱ्या सुऱ्यांचा ठेका दारातूनच ऐकू येतो. मांस बारीक चिरलेलं, त्यात भाजलेल्या कातडीचे कुरकुरीत कण, वर कोलस्लॉ, मध्ये चपटा कॉर्नब्रेड. संपलं की संपलं, पुन्हा उद्या.

पोर्क-बीफ न खाणाऱ्यांनी निराश होऊ नये. अलाबामातल्या डिकेटरमध्ये 'बिग बॉब गिब्सन' १९२५ पासून धुरावर भाजलेली कोंबडी मेयोनेज-व्हिनेगरच्या पांढऱ्या सॉसमध्ये बुडवून देतं. सावध, डिकेटर नावाचं गाव अटलांटाला लागूनही आहे. फोनला पत्ता सांगताना राज्य सांगा, नाहीतर माझ्यासारखे चुकीच्या डिकेटरमध्ये सॉस शोधत फिराल. केंटकीत ओवेन्सबरोला 'मटण' बार्बेक्यू मिळतं, पण ते मेंढीचं, म्हाताऱ्या मेंढीचं. बोकडाच्या अपेक्षेनं गेलात तर वास वेगळा येईल.

नॅशव्हिलची 'हॉट चिकन' मराठी माणसाला हमखास अहंकारात पकडते. कुटुंबात सांगतात ती गोष्ट अशी : थॉर्नटन प्रिन्स रात्री उशिरा घरी आले, प्रेयसीनं सूड म्हणून कोंबडीत भरमसाट तिखट घातलं आणि त्यांना ते आवडलं. तेच पुढे १९३० च्या दशकात दुकान झालं, आजचं प्रिन्सेस. तळलेल्या कोंबडीला लाल तिखट कालवलेलं गरम तेल फासतात, खाली पांढरा पाव, वर काकडीच्या लोणच्याच्या चकत्या. तुम्ही कोल्हापूरचे असलात तरी पहिल्यांदा 'मीडियम'च मागा. आपल्या तांबड्या रश्श्यात खोबरं, कांदा, तीळ तिखटाला धरून ठेवतात. इथे तिखट उघडं असतं, थेट घशात उतरतं. तो खालचा पाव आधी खाऊ नका, सगळं तेल त्यानं प्यायलेलं असतं. आणि नंतर साबणानं दोनदा हात धुतल्याशिवाय डोळे चोळू नका.

नववी पायरी : चहा, गोड, बिल

'टी' म्हटलं की बर्फ घातलेला, पाकासारखा गोड चहा येतो. सोसत नसेल तर 'हाफ अँड हाफ' सांगा, अर्धा गोड, अर्धा बिनसाखरेचा. गोडात पीच कॉबलर उन्हाळ्यात घ्या, बाकी वर्षभर केळ्याचं पुडिंग. टेबलावर वाढलं असेल तर १८ ते २० टक्के टिप, ट्रेच्या रांगेत असेल तर काउंटरवरच्या बरणीत डॉलर-दोन डॉलर. आणि कुणी फार गोड आवाजात 'ब्लेस युअर हार्ट' म्हणालं तर लगेच धन्यवाद देऊ नका. त्याचा अर्थ बऱ्याचदा 'बिचाऱ्याला अक्कल कमी' असा असतो.

आणि मग घरी

एक जानेवारीला इथे 'हॉपिन जॉन' खातात, म्हणजे चवळी-भात, सोबत कॉलर्ड आणि कॉर्नब्रेड. चवळी म्हणजे नाणी, पाला म्हणजे नोटा, कॉर्नब्रेड म्हणजे सोनं, वर्षभर बरकत राहते असा समज. मूळ साउथ कॅरोलिना-जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या गुला गीची लोकांचं. आफ्रिकेतून आणलेल्या ज्या गुलामांनी तिथं भातशेती उभी केली, त्यांचे हे वंशज. आम्ही घरी करतो तेव्हा पोर्कऐवजी कांदा चांगला लाल करतो, थोडी स्मोक्ड पॅप्रिका घालतो आणि चवळीचं पाणी भातातच मुरवतो. गोडा मसाला घालायचा मोह होतो. घालू नका, मग ती नेहमीची चवळीची खिचडी होते.

खानावळीतून निघताना उरलेला कॉर्नब्रेड डब्यात मागून घ्या. दुसऱ्या दिवशी तो कोरडा पडतो आणि लोक फेकून देतात. इथली म्हातारी माणसं तो उंच ग्लासात कुस्करतात, वर ताक ओततात आणि लांब चमच्यानं खातात. दुकानातलं बटरमिल्क आपल्या ताकापेक्षा बरंच दाट असतं, निम्मं पाणी घाला. मीठ, आणि बाजूला जॉर्जियाचा गोडसर विडालिया कांदा. माझ्या वडिलांना हे कुणी सांगितलं नव्हतं. शेंगांच्या त्या सहलीनंतर आठवड्याभरानं सकाळी उठून बघतो तर ते स्वयंपाकघरात उभे, ग्लासात कालचा कॉर्नब्रेड कुस्करलेला, आणि मला विचारतायत, "कांदा कुठं ठेवलाय रे? फोडायचाय."